डावीकडून पहिली खिडकी

"हे कुणाचं घर वं?"

बापूसाहेब खराडे माझ्या पुण्यातल्या ऑफिसात उभे राहून भिंतीवरच्या फ्रेमवर बोट आपटत होते. काचेवर बोटाचा तेलकट ठसा उमटला. ते विट्याजवळच्या हिंगणवाडीहून कोंबड्यांच्या नव्या शेडचा नकाशा काढून घ्यायला आले होते. आमच्याकडे शेडची कामं करत नाहीत, असं सांगून मी त्यांना वाटेला लावणार होतो.

"हॅथर्ले हॉल," मी म्हणालो. "डर्बीशायर, इंग्लंड. सतराशे साठच्या आसपासचं. मी तिथं शिकायला होतो तेव्हा एक अख्खा उन्हाळा टेप घेऊन मोजलंय मी ते."

"कोन ऱ्हातं तितं?"

"आता कुणी नाही. लोक तिकीट काढून बघायला जातात."

बापूसाहेबांनी मान वाकडी करून चित्र पाहिलं. मधोमध सहा खांबांचा दरवाजा, दोन्ही अंगांना सारख्याला सारख्या खिडक्यांच्या रांगा, वर आठ धुराडी. मग ते माझ्याकडे वळले. "मला आसंच पायजे. हुबेहूब. जरासुदीक इकडचं तिकडं न्हाय."

मी हसलो नाही, हे माझे संस्कार. पांढरा सफारी, पाचही बोटांत अंगठ्या, आणि तीन फुटांवरूनही येणारा तो कोंबडीच्या खाद्याचा वास. गाढवाला गुळाची चव काय! पण खरं सांगायचं तर मी तेव्हा कोथरुडातल्या फ्लॅटवाल्यांचे जिने आणि पार्किंग काढत होतो. एक वर्ष विलायतेत काढून आलेला म्हणून मित्रमंडळींत मी फार भाव खायचो. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसला प्रकार. असलं घर बांधायला मला उभ्या जन्मात दुसरं कोण देणार होतं? मी त्या माणसाला मनातल्या मनात यथेच्छ नावं ठेवली आणि त्याच बैठकीत काम घेतलं.

पुढच्याच महिन्यात मी नकाशांची गुंडाळी घेऊन हिंगणवाडीला गेलो. माळावर तीन लांबलचक शेडी होत्या आणि त्यांना लागून खराड्यांचं जुनं चार खोल्यांचं घर. नाकाला रुमाल लावून मी खाटेवर बसलो. ओट्यावर एक पन्नाशीची बाई अंड्यांचे ट्रे मोजून टेम्पोवाल्याच्या हवाली करत होती, त्याला दटावत होती, मध्येच शेडीकडे बघून कुणाला तरी हाक मारत होती. मला वाटलं कामवाली असेल. त्या बापूसाहेबांच्या पत्नी निघाल्या. मंजुळाबाई, सगळं गाव त्यांना आक्का म्हणे. बारा कोंबड्यांवर हा धंदा त्यांनीच सुरू केला होता, हे मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. घराचं नावही त्यांच्यावरूनच ठेवायचं ठरलं होतं: मंजुळा मॅनॉर. हे नाव ऐकून मी पुण्याला परत जाईपर्यंत गाडीत हसत होतो.

आक्कांनी चहा आणला आणि पदराला हात पुसत नकाशाजवळ उभ्या राहिल्या.

"सायेब, माझं मागनं एवढंच हाय. चुलीपुढं उभी ऱ्हायली की मला शेडी दिसल्या पायजेत."

"का?"

"पक्षी काय सांगायला येत न्हाईत. त्यास्नी बगावं लागतं." त्यांनी घरातल्या खिडकीकडे हात केला. खरोखरच तिथून समोर शेड दिसत होती. "उन्हाळ्यात लाईट गेली की पंखं बंद, छपरावरचं पानी बंद. अर्ध्या तासात पक्षी माना टाकाय लागत्यात. औंदा भाकरी तव्यावर टाकून पळाले म्हनून चार हजार वाचलं."

"आक्काबाई," मी म्हणालो, "इंग्लिश घरात स्वयंपाकघराला बागेकडे खिडकी नसते. खिडक्या मागच्या बाजूला, त्याही डोक्याच्या वर. उजेड येतो, पण बाहेरचं दिसत नाही. नोकरांनी मालकांकडे बघत बसू नये म्हणून तशी रचना असते."

"नोकर म्हंजी?"

"स्वयंपाकी, मोलकरणी. चुलीपुढे काम करणारे."

"हितं चुलीपुढं मीच की."

मी स्मित केलं. अडाणी माणसाशी बोलताना मी तसं करत असे.

"आगं, सायेब इलायतीत शिकून आल्यात," बापूसाहेब म्हणाले. "तू गप." आणि बायकोची समजूत काढायला म्हणून त्यांनी दर्शनी बाजूचा नकाशा उलगडला. "ही बग की! सैपाकघर ह्या टोकाला न्हवं? मग ही डावीकडनं पैली खिडकी तुजीच."

आक्कांनी वाकून पाहिलं. कागदावरच्या त्या खिडकीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही व्हय? हितनं पैली शेड सरळ दिसंल बगा."

ती खिडकी खोटी होती. हॅथर्ले हॉलला अशा तीन खोट्या खिडक्या आहेत. आतल्या खोल्यांना तिथं खिडकी नको असते, पण बाहेरून दोन्ही बाजू जुळायला हव्यात. मग चौकट बसवतात, काच बसवतात, काचेला आतून काळा रंग देतात आणि मागं विटा रचून घेतात. दुरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. पण कोंबडीवाल्यांना रचनेतला समतोल काय समजावायचा? मी नकाशा गुंडाळला आणि चहाला बरा म्हटलं.

बांधकाम दोन वर्षं चाललं. मी महिन्यातून एकदा जाऊन उंटावरून शेळ्या हाकत असे. खरं काम सिद्राम गवंडी करी. जतकडचा, काळा, सडपातळ, कानावर कायम अर्धी विडी. ओळंबा सोडून एक डोळा मिटला की त्याला अर्धा सूत फरकही दिसे. मी त्याला नावानं हाक मारी आणि तो मला सायेब म्हणे, इतकाच आमचा परिचय.

त्यानं दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा दिवाणखान्यातल्या दाराबद्दल. स्वयंपाकघरातून एक लांब अंधारा बोळ दिवाणखान्यापर्यंत येतो, आणि त्याच्या तोंडाचं दार भिंतीसारखंच दिसतं: तेच लाकडी तक्ते, तोच रंग, कडी नाही, मूठ नाही. पाहुण्यांना नोकरांची ये-जा दिसू नये म्हणून. सिद्रामनं त्यावर खडूनं फुली मारून ठेवली होती.

"ही फुली कुणी मारली?"

"मीच, सायेब. मानसांस्नी दार घावंना. भितच वाटती."

"वाटायलाच पाहिजे," मी म्हणालो आणि ती पुसायला लावली.

दुसऱ्यांदा त्या खिडकीबद्दल. "सायेब, भाईर खिडकी आन् आत भित? आक्कास्नी ठावं हाय का हे?"

"तुझं काम बांधायचं आहे, गावभर सांगायचं नाही. चार इंची भिंत, सिमेंटात. नीट."

"सिमेंटातच?"

"सिमेंटातच."

त्यानं विडी काढली, परत कानावर ठेवली आणि म्हणाला, "बरं."

आक्कांना ते कळलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बाहेरचा गिलावा, रंग झाला होता. मी खांबांपाशी उभा होतो. त्या थोरल्या सुनेला घेऊन आल्या. अंगणात उभं राहून त्यांनी डावीकडून खिडक्या मोजल्या, बोटानं. सुनेला दाखवली. दोघी हसत हसत आत गेल्या. थोड्या वेळानं आक्का एकट्या बाहेर आल्या, परत मोजल्या, परत आत गेल्या. मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात त्या भिंतीवर तळहात फिरवत होत्या, अंधारात बटण शोधावं तशा. त्या खोलीत उजेडाला वर छताजवळ दोन झरोके होते, तेही उत्तरेला, मागच्या परसाकडे. दिवसाही बल्ब लावावा लागे.

"सायेब, खिडकी भाईरच ऱ्हायली की," त्या म्हणाल्या.

मग मी व्याख्यान दिलं. दोन्ही बाजूंचा तोल, मूळ वास्तूशी प्रामाणिकपणा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग तितल्या बायका आभाळाकडं बगून भाकरी थापत्यात व्हय?"

एवढंच बोलून त्या गेल्या. त्यांचं हे वाक्य मी पुढं पुण्याच्या पार्ट्यांमध्ये त्यांच्या बोलीत, हातवाऱ्यांसकट, कितीतरी वेळा सांगितलं. हमखास हशा यायचा.

वास्तुशांत एप्रिलच्या शेवटी होती. माळावर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि वर आठ कोरी धुराडी उभी. त्यांच्याखाली शेकोट्या होत्या, संगमरवरी. त्या कधी पेटणार होत्या देव जाणे. मी मुंबईच्या एका मासिकाचा फोटोग्राफर सोबत आणला होता. वास्तुकलेचं मासिक, चार पानं देणार होते. माझ्या आयुष्यात असा दिवस पुन्हा येणार नव्हता, हे मला कळत होतं, आणि खराडे मंडळी तो नासवतील याची धास्ती होती. म्हणून सकाळीच मी मागच्या परसाच्या दाराला कुलूप लावलं. परसाला सात फुटी भिंत, मुळाबरहुकूम. तिथून भांडी, बादल्या, बायका बाहेर आल्या की फोटोचं वाटोळं. चावी माझ्या खिशात. आक्का आणि दोन्ही सुना नव्या स्वयंपाकघरात पुरणाचा नैवेद्य रांधत होत्या. पहिला नैवेद्य घरच्या बाईच्याच हातचा हवा असतो. बाकी हजार माणसांचं जेवण मांडवात आचारी करत होते. शेडीवरची झाडून सगळी माणसं वाढायला बोलावली होती.

दिवाणखान्यात सजावटवाल्यांनी सत्काराचा मंच उभारला होता. सोफे, हार, मागं झालरीचा पडदा. माझाही सत्कार होता. शाल मी आधीच पाहून ठेवली होती, बरी होती.

बाराच्या सुमाराला मी फोटोग्राफरला घेऊन अंगणात डाव्या टोकाशी गेलो. बापूसाहेब रेशमी झब्बा आणि केशरी फेटा घालून सोबत आले. पाहुणे दहा-पंधरा जमले. तेवढ्यात कर्ण्यावरची सनई मध्येच थांबली.

"सुटलो," मी म्हणालो. काहीजण हसले. लाईट गेली, कुणीतरी बोललं. येईल, दुसरं म्हणालं. आणि मी त्या छान शांततेत माझं व्याख्यान सुरू केलं.

"या सगळ्या घराचं मर्म बघायचं असेल तर या खिडकीत बघा," मी हात उचलून म्हणालो. "ही खिडकी नाही. हा खिडकीचा भास आहे. मागं भिंत आहे. या एका भासावर दर्शनी बाजूचा सगळा तोल उभा आहे. सामान्य माणूस म्हणेल, काय उपयोग? पण स्थापत्य म्हणजे उपयोग नव्हे."

आतून धप्प असा आवाज आला.

"स्थापत्य म्हणजे..."

पुन्हा धप्प. काळी काच तडकली. मग तिसरा घाव, आणि काच, लाकडी पट्ट्या, चार-सहा विटा माझ्या बुटांपाशी येऊन पडल्या. भोकातून एक पुरणानं माखलेला वरवंटा बाहेर आला. त्यामागं हात, आणि मग मंजुळाआक्कांचं धुळीनं पांढरं झालेलं तोंड.

"लाईट गेलीया!" त्या ओरडल्या. "शेडीवर कोन हाय? आवो, एकबी मानूस न्हाय तितं! जनरेटर लावा! गोनपाटं भिजवा! पळा की, बगताय काय!"

माझ्या तोंडून त्या वेळी जे पहिलं वाक्य निघालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पक्ष्यांबद्दल नव्हतं, आक्कांबद्दल नव्हतं.

"सिद्राम!" मी मांडवाकडे बघून ओरडलो. "ही भिंत सिमेंटात बांधायला सांगितली होती!"

माझं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. बापूसाहेब झब्बा खोचून पळत सुटले होते, पन्नाशीचा गडी, पायांत वहाणासुद्धा नव्हत्या. वाढपी हातातली भांडी टाकून धावले. शेडीपाशी बापूसाहेबांनी फेटा सोडला, पाण्याच्या टाकीत बुचकळला आणि शेडीच्या जाळीवर पसरला. मग गोणपाटं, सतरंज्या, मांडवाच्या झालरी, जे हाताला लागेल ते. कुणीतरी मंचावरच्या सत्काराच्या शाली नेल्या. माझी शाल कोंबड्यांच्या जाळीवर ओली होऊन लोंबताना मी पाहिली. ज्या माणसाला मी दोन वर्षं मनात हसत आलो होतो त्याला काय करायचं हे बरोबर माहीत होतं, आणि मी हातात नकाशा घेऊन उभा होतो.

सिद्राम दोन बादल्या घेऊन माझ्यापुढून चालला होता. माझी हाक त्याच्या कानावर गेली होती.

"व्हय सायेब, चिखलातच बांधलीया," न थांबता तो म्हणाला. "वर लिंटलची आडवी पट्टी टाकलीया, समदा भार तिच्यावर, घराला काय व्हत न्हाय. आक्का कवातरी फोडनारच व्हत्या. मंग उगं बाईच्या हाताला तरास कशाला? सांगून ठिवलं व्हतं त्यास्नी."

"मग दारानं का नाही आल्या?" मी म्हणालो. "दारं काय मेली होती?"

उत्तर आतून थोरल्या सुनेनं दिलं. ती रडत होती. बल्ब गेला तशी ती अंधाऱ्या बोळातून दिवाणखान्याकडे पळाली होती. लपवलेलं दार ढकललं तर हलेना. सजावटवाल्यांना ती भिंत वाटली होती आणि त्यांनी तिला टेकवून मंच उभारला होता. तिनं धक्के मारले, हाका मारल्या. बाहेरच्यांना भिंतीतून कुणी हाक मारेल असं वाटलंच नाही. मग धाकटी परसात गेली. परसाच्या दाराला बाहेरून कुलूप.

मी खिशात हात घातला. चावी तिथंच होती, उन्हानं कोमट झालेली.

फोटोग्राफरनं त्या धांदलीत एकदाच बटण दाबलं होतं. तो फोटो त्यानं मला नंतर पोस्टानं पाठवला: मी हात उंचावून समतोलाकडे बोट दाखवतो आहे आणि माझ्या बोटाच्या टोकापाशी खिडकीतून वरवंटा बाहेर येतो आहे. मासिकात छापले ते सगळे फोटो सकाळचे, डावं टोक कापून. बावीस वर्षं लोक मला त्या घराबद्दल विचारतात. मी सांगतो, उत्तम काम होतं, पण गिऱ्हाईकानं पुढं नासवलं. ऐकणारे मान हलवतात, म्हणतात, खेड्यातली माणसं, दुसरं काय होणार! तो पोस्टानं आलेला फोटो माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात आहे.

त्या दुपारी मी चावी चाचपत उभा असतानाच जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. छपरांवरून पाणी उडायला लागलं. दोन-अडीचशे पक्षी गेले होते. आणखी पंधरा मिनिटं, आणि पहिल्या शेडीत एकही उरला नसता, असं सगळे बोलत होते.

आक्का अजून तिथंच उभ्या होत्या, त्या भोकात, हाताची कोपरं फुटक्या विटांवर टेकवून. एका मनगटातून रक्त येत होतं. चुलीवरचं पुरण जळल्याचा वास बाहेर येत होता. त्या मान लांबवून शेडीकडे बघत होत्या, आणि तिथून कुणी हात वर केला की इकडून हात वर करत होत्या.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुढं झालो, खिडकीच्या अगदी समोर. चावी तळहातावर धरली.

"आक्का," मी म्हणालो, "परसाची चावी माझ्याकडे राहिली. चूक झाली माझी."

त्यांनी चावीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मधे आलेलं शेरडू हाकलावं तसा वरवंट्याचा हात एका बाजूला हलवला.

"सायेब, बाजूला सरा," त्या म्हणाल्या. "शेड दिसंना."

मी बाजूला सरलो.